परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका : एका फारकतीचा इतिहास

१/
महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांच्या पदभरतीच्या जाहिरातींत दोन नावे अनेकदा खालीवर छापलेली दिसतात : परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका. परिसेविका म्हणजे वॉर्डची इन-चार्ज सिस्टर. पाठ्यनिर्देशिका म्हणजे परिचर्या शाळेत शिकवणारी ट्यूटर. दोघींचे मूळ शिक्षण एकच, सुरुवातीचा गणवेशही एकच. पुढे एक खाटेजवळ राहते आणि दुसरी फळ्याजवळ जाते.

२/
ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विचित्र आहे असे कुणाला वाटत नाही. पण मेडिकल कॉलेजात जो प्राध्यापक वर्गात शिकवतो, तोच युनिटचा प्रमुख म्हणून सकाळचा राउंडही घेतो. परिचर्येत तसे का झाले नाही? त्याचे उत्तर सुमारे १६० वर्षांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास लंडनहून न्यूयॉर्कमार्गे दिल्लीपर्यंत येतो. या फारकतीला कुणी एक खलनायक नाही. दोन चांगल्या हेतूंच्या सुधारणांमधून ती घडली, म्हणूनच ती आजवर टिकली.

३/
सुरुवात अर्थातच फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून. क्रिमियन युद्ध चालू असतानाच, नोव्हेंबर १८५५ मध्ये, तिच्या सन्मानार्थ लंडनमध्ये निधी उभा राहू लागला. तो ४४ हजार पौंडांच्या घरात गेला. या पैशांतून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल प्रशिक्षणशाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत मोजक्याच उमेदवार होत्या. शाळेची सूत्रे रुग्णालयाच्या मेट्रन सारा वॉर्ड्रोपर यांच्या हाती होती.

४/
शाळेचा आराखडा लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे, कारण त्यात स्वतंत्र शिक्षिका नाहीच. उमेदवार परिचारिकेने वर्षभर वॉर्डात मदतनीस म्हणून राबायचे आणि वॉर्डच्या सिस्टरने तिला काम करता करता शिकवायचे. त्यासाठी सिस्टरला निधीतून वेगळा मोबदला मिळे. निवासी वैद्यकीय अधिकारी व्हिटफील्ड यांनी व्याख्याने द्यायची. एवढीच व्यवस्था.

५/
प्रत्येक उमेदवाराचा एक मासिक तक्ता भरला जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, नीटनेटकेपणा, मलमपट्टी, रुग्णांचे निरीक्षण अशा रकान्यांत तिला श्रेणी मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या मानाने हे मूल्यमापन थक्क करणारे काटेकोर होते. मात्र सिस्टर किती आणि कशी शिकवते, यासाठी कुठलाही रकाना नव्हता. जिला वॉर्ड सांभाळता येतो तिला शिकवताही येते, हे गृहीतच होते.

६/
याच सुमारास, १८५९ मध्ये, नाइटिंगेलचे 'नोट्स ऑन नर्सिंग' प्रसिद्ध झाले. आज त्याला परिचर्येचे आद्य पाठ्यपुस्तक म्हणण्याची पद्धत आहे. गंमत अशी की परिचारिकांना परिचर्या शिकवण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही, असा खुलासा तिने स्वतःच प्रस्तावनेत करून ठेवला आहे. हे काम पुस्तकाने नव्हे तर खाटेजवळच व्हायला हवे, यावर तिची श्रद्धा होती. श्रद्धा योग्य होती. पण ते काम कोण करणार आणि त्या व्यक्तीला ते कुणी शिकवले, हा प्रश्न मागे राहिला.

७/
पुढची दहा-बारा वर्षे नाइटिंगेल बऱ्याच अंशी इतर कामांत बुडालेली होती. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याचा प्रश्न त्यांपैकीच एक. शाळा चालली आहे आणि उमेदवार बाहेर पडत आहेत, एवढे अहवालांतून कळत होते. जून १८७१ मध्ये रुग्णालय थेम्सच्या काठी लॅम्बेथच्या नव्या इमारतीत गेले. त्या सुमारास तिने शाळेच्या कारभारात खोलवर लक्ष घातले आणि उमेदवारांना एकेक करून भेटायला बोलावले.

८/
जे कळले ते उत्साहवर्धक नव्हते. व्हिटफील्ड यांची व्याख्याने जवळजवळ बंदच पडली होती. वॉर्डांत पद्धतशीर शिकवणे असे काही नव्हते. एखादी सिस्टर समजावून सांगे, एखादी नुसते काम सांगे, आणि बहुतेक ठिकाणी उमेदवार म्हणजे फुकट मिळालेले जादा हात. ही हकीकत उजेडात आणून दंतकथेला पहिला मोठा धक्का दिला तो मोनिका बेली या अभ्यासिकेने. १९८६ च्या ग्रंथात तिने नाइटिंगेल निधीच्या दप्तरावरून शाळेची पहिली दशके पुन्हा तपासली. दिवा घेतलेल्या देवीच्या चित्रापेक्षा हे दप्तर कितीतरी अधिक शिकवते.

९/
इथे एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. त्या सिस्टर आळशी होत्या वा वाईट परिचारिका होत्या, असे मुळीच नाही. उलट त्यांच्यापैकी कित्येकींनी आयुष्य वॉर्डात काढले होते. अडचण त्यांच्या कौशल्याच्या स्वरूपात होती.

१०/
एक साधा प्रसंग कल्पावा. विद्यार्थिनी रुग्णाची नाडी मोजते, श्वास मोजते, आकडे लिहिते. आकडे ठीक आहेत. वीस वर्षे वॉर्डात काढलेली सिस्टर दारातूनच एक नजर टाकते आणि डॉक्टरांना बोलवायला सांगते. रुग्ण उशीला टेकलेला नाही, पुढे झुकून बसला आहे, बोलताना वाक्य मध्येच तुटते आहे, हे तिने एका क्षणात टिपलेले असते. विद्यार्थिनी विचारते, "सिस्टर, तुम्हाला कसं कळलं?" उत्तर येते, "अगं, दिसतंय की!"

११/
त्या "दिसतंय की" मध्ये वीस वर्षे दडलेली असतात आणि विद्यार्थिनीच्या हाती त्यातले काहीच लागत नाही. अमेरिकन परिचर्या-अभ्यासिका पॅट्रिशिया बेनर हिने १९८४ मध्ये याची मांडणी केली. त्यासाठी तिने ड्रायफस बंधूंनी बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांच्या कौशल्यविकासावर केलेल्या अभ्यासाचा आधार घेतला. नवखी परिचारिका नियमांना धरून चालते. तज्ज्ञ परिचारिका समोरची परिस्थिती एकसंध पाहते आणि नियम तिच्या जाणिवेतून जणू विरघळून जातात. म्हणजे जी जितकी निष्णात, तिला आपले ज्ञान सुटे करून सांगणे तितकेच अवघड. अनुभवी परिचारिकेला शिक्षिका होण्यासाठी वेगळी तयारी लागते ती यासाठी. तिला परिचर्या नव्याने शिकायची नसते. स्वतःला आपोआप जमणारी गोष्ट पुन्हा पायऱ्यापायऱ्यांनी उलगडायची असते.

१२/
त्याहून कठीण गोष्ट म्हणजे हात आवरणे. विद्यार्थिनीला सुई टोचायला चार मिनिटे लागतात, सिस्टरला वीस सेकंद. बाहेर सहा रुग्ण खोळंबलेले. अशा वेळी ट्रे तिच्या हातातून काढून घेणे ही सर्वांत स्वाभाविक कृती असते. रुग्णाला त्रास होणार नाही इतपत जवळ उभे राहायचे, पण काम तिच्याकडूनच पुरे करून घ्यायचे, चूक झाली तर ती रुग्णासमोर नव्हे तर नंतर बाजूला घेऊन बोलायची, "काय दिसलं?" हे आधी विचारायचे आणि "काय करायचं" हे मागाहून सांगायचे. ही वेगळीच विद्या आहे. ती स्वभावाने येते असे म्हणणे म्हणजे गाणारा प्रत्येक जण गुरू होतो असे म्हणणे.

१३/
पुन्हा लंडन. १८७० च्या दशकात दुरुस्ती झाली. व्हिटफील्ड गेले आणि जॉन क्रॉफ्ट यांनी व्याख्याने नियमित केली. उमेदवारांच्या निवासासाठी 'होम सिस्टर' हे पद आले. १८७५ पासून १८९६ पर्यंत मेरी क्रॉसलँड त्या पदावर होत्या. त्या मुलींच्या टिपणवह्या पाहत, व्याख्यानांची उजळणी करून घेत. शाळा सावरली यात शंका नाही.

१४/
मात्र नेमके काय घडले ते पाहावे. वॉर्ड सिस्टर शिकवत नाहीत म्हणून त्यांना शिकवायला शिकवले गेले नाही. त्यांच्याऐवजी वसतिगृहात एक शिकवणारी बाई नेमली गेली. ही पहिली सुधारणा. शिकण्याची जागा तेव्हापासून वॉर्डाबाहेर सरकू लागली. १८९३ मध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत रिबेका स्ट्राँग यांनी वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वीचा प्राथमिक वर्ग सुरू केला, तर १८९५ मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये इव्हा ल्यूक्स यांनी. हे वर्ग उत्तम होते. नाडी कुठे पाहायची हे ठाऊक नसलेल्या मुलीला थेट रुग्णापुढे उभे करणे अमानुषच होते. पण त्यांनी वर्ग आणि वॉर्ड यांच्यात उंबरठा घातला.

१५/
दुसरी सुधारणा अमेरिकेतून आली आणि ती अधिक मूलगामी होती. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने परिचर्या शाळांच्या अधीक्षिका एकत्र आल्या आणि त्यांनी आपली संघटना उभारली. इझाबेल हॅम्प्टन ही तिच्यामागची मोठी शक्ती. विवाहानंतर ती हॅम्प्टन रॉब झाली. या संघटनेने विचारले, शाळा भराभर निघत आहेत, पण त्यांत शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार? १८९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात अनुभवी परिचारिकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. नाव ठेवले 'हॉस्पिटल इकॉनॉमिक्स'. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी दोनच. त्यांपैकी अ‍ॅना अ‍ॅलाइन पुढे हाच अभ्यासक्रम चालवू लागली.

१६/
१९०७ मध्ये मेरी अ‍ॅडलेड नटिंग तिथे प्राध्यापक झाली. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणारी ती जगातील पहिली परिचारिका मानली जाते. नटिंगचा आधीचा इतिहास इथे महत्त्वाचा आहे. ती जॉन्स हॉपकिन्सच्या परिचर्या शाळेच्या पहिल्या तुकडीतून १८९१ मध्ये बाहेर पडली आणि १८९४ मध्ये त्याच शाळेची प्रमुख झाली. तिथे तिने तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला आणि विद्यार्थिनींचा कामाचा दिवस आठ तासांवर आणला. त्यापूर्वी दिवसभर वॉर्डात राबून रात्री पेंगत व्याख्यान ऐकणे, हेच त्यांचे शिक्षण होते.

१७/
आता त्याच रुग्णालयाचा दुसरा भाग पाहावा. त्याच वर्षांत त्याच वॉर्डांत विल्यम ऑस्लर हा प्रमुख वैद्य होता आणि वैद्यकाचा प्राध्यापकही. त्याने विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून खाटेजवळ आणले. वैद्यकशिक्षणाचे ते वळण आजही आदर्श मानले जाते, आणि मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयांत सकाळी दिसणारा राउंड त्याच परंपरेतला आहे. एकाच इमारतीत वैद्यक वर्गातून खाटेकडे निघाले होते आणि परिचर्या खाटेकडून वर्गाकडे.

१८/
याचा दोष नटिंगला देता येणार नाही. ऑस्लरच्या विद्यार्थ्यांच्या बळावर वॉर्ड चालत नव्हता. परिचर्येच्या विद्यार्थिनींच्या बळावर मात्र चालत होता. तिच्या दृष्टीने वॉर्ड हीच शोषणाची जागा होती आणि वर्ग ही सुटकेची. ज्यांना खाटेजवळ फक्त राबवले गेले, त्यांनी शिक्षणासाठी खाटेपासून दूर जावे यात नवल नाही. मात्र त्या प्रवासात शिकवण्याची सगळी प्रतिष्ठा, पदवी आणि वेळ वर्गातल्या शिक्षिकेकडे गेली. वॉर्डातल्या सिस्टरकडे उरल्या विद्यार्थिनींच्या हजेऱ्या.

१९/
इंग्लंडही त्याच वाटेने गेले. १९१४ मध्ये सेंट थॉमसमध्ये मिस गलन पहिल्या 'सिस्टर ट्यूटर' झाल्या. १९१८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गृहविज्ञान शाखेत सिस्टर ट्यूटरांसाठी खास अभ्यासक्रम निघाला. अमेरिकेत १९२३ चा गोल्डमार्क अहवाल आला. शिक्षिकांची अपुरी तयारी आणि रुग्णालयाच्या गरजेपुढे शिक्षणाने पत्करलेले दुय्यमत्व ही त्याची मुख्य तक्रार होती. त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतंत्र परिचर्या विद्यालय उघडले. उपाय पुन्हा तोच : विद्यापीठ.

२०/
हिंदुस्थानात ही पद्धत तयार साच्यातूनच आली. पदनामेसुद्धा तीच : मेट्रन, सिस्टर, सिस्टर ट्यूटर. दुसऱ्या महायुद्धाच्या रेट्यात, १९४३ मध्ये, दिल्लीत अनुभवी परिचारिकांना प्रशासन आणि अध्यापन शिकवणारी संस्था निघाली. तिच्यातूनच १९४६ मध्ये दिल्लीचे कॉलेज ऑफ नर्सिंग उभे राहिले. आज ते राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही परिचर्येची पदवी सुरू झाली.

२१/
त्या वर्षी भोर समितीचा अहवालही आला. त्यातले आकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाठच करावेत. ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका सुमारे ७ हजार. म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. समितीने १९७१ साठी ठेवलेले उद्दिष्ट ५०० लोकांमागे एक, म्हणजे ७ लाख ४० हजार. शंभर पटींहून अधिक! इतक्या परिचारिका घडवायच्या तर आधी शिक्षिका हव्यात, आणि त्या त्याच सात हजारांतून काढाव्या लागणार. वॉर्डातली प्रत्येक हुशार सिस्टर वर्गाकडे नेली की तिचा वॉर्ड तितका उघडा पडणार. या पेचातून नवस्वतंत्र देशाला सहज सुटका नव्हती.

२२/
वाट निवडली गेली ती पदव्यांची. १९५९ मध्ये दिल्लीत पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९६४ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. या संस्थांनी परिचारिकेला समाजात जो मान मिळवून दिला त्याचे मोल कमी लेखण्यात अर्थ नाही. ज्या देशात या व्यवसायाकडे घरंदाज मुलींनी वळू नये असे सर्रास बोलले जाई, तिथे पदवी ही ढाल होती. पण अध्यापनाची शिडी रुग्णालयाच्या शिडीपासून वेगळी झाली ती कायमची. एकीवर चढायचे तर दुसरीवरून उतरावे लागते.

२३/
पदव्युत्तर प्रवेशाचा एक नियम पाहिला की मुद्दा स्पष्ट होतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार बीएस्सी झालेल्या उमेदवाराला एमएस्सीसाठी किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. एक वर्ष! त्या बळावर ती शिक्षिका होते आणि विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात जाते. वॉर्डात बावीस वर्षे काढलेली परिसेविका असते, पण शिकवणे हे तिचे अधिकृत काम नसते. एकीकडे पद आहे आणि अनुभव तोकडा, दुसरीकडे अनुभव आहे आणि पद नाही. या दोघींच्या मध्ये विद्यार्थिनी उभी असते. वर्गात शिकवलेली पद्धत वेगळी, वॉर्डात चालते ती वेगळी, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळते. मग ती परीक्षेसाठी एक आणि कामासाठी एक, अशा दोन पद्धती शिकते.

२४/
ब्रिटनमध्ये हा खड्डा बुजवण्यासाठी 'क्लिनिकल टीचर' नावाचे तिसरे पद काढून पाहिले. वॉर्डात जाऊन शिकवणारी, पण वॉर्डची नसलेली बाई. शाळेत तिचा दर्जा ट्यूटरच्या खाली, वॉर्डात ती पाहुणी. ते पद रुजले नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी हेलन ऑर्टन आणि जोन फ्रेटवेल यांनी वॉर्डांतील शिक्षणाचा अभ्यास केला. दोघींच्या निष्कर्षांचा रोख एकच होता : एखाद्या वॉर्डात विद्यार्थिनी शिकतात की नाही, हे मुख्यतः त्या वॉर्डच्या सिस्टरवर ठरते. शंभराहून अधिक वर्षांची वळणे घेऊन अभ्यास पुन्हा १८६० च्या खाटेजवळ येऊन थांबला.

२५/
तेव्हा नाइटिंगेलचा आराखडा चुकीचा नव्हता, अपुरा होता. सिस्टरने शिकवावे हे बरोबर. तिला शिकवण्याची विद्या द्यावी, त्यासाठी वेळ द्यावा आणि तिचे शिकवणेही तपासावे, हे राहून गेले. त्या त्रुटीवर उपाय म्हणून पुढच्या पिढ्यांनी सिस्टरलाच शिक्षणातून वगळले.

२६/
यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. परिसेविकेला आजच श्वास घ्यायला फुरसत नाही. रुग्ण, औषधांचा साठा, नातेवाइकांशी वाद, नोंदवह्या, त्यात शिकवणे कुठे बसवायचे? शिवाय जुन्या सिस्टरबरोबर जुन्या चुकाही पुढे जातात. दुसरा आक्षेप खराच आहे, आणि म्हणूनच तयारीविना नेमणूक नको. अध्यापनाचे रीतसर शिक्षण, अधूनमधून नव्या ज्ञानाची उजळणी, आणि शिकवण्याचेही मूल्यमापन, हे सारे हवे. पहिल्या आक्षेपाला मात्र युक्तिवादाने उत्तर नाही, मनुष्यबळानेच आहे. शिकवण्याचे तास ड्यूटीच्या तक्त्यात लिहायचे आणि त्या तासांपुरता वॉर्ड दुसऱ्या कुणाकडे द्यायचा. हे फुकट होणार नाही. फुकट करायचा प्रयत्न लंडनने १८६० मध्ये करून पाहिला.

२७/
हे अशक्य नाही, याचा दाखला देशातच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात परिचर्येच्या अध्यापिकांकडे रुग्णसेवेचीही जबाबदारी असते. शिकवणारी आणि वॉर्ड पाहणारी या दोन जाती तिथे पाडलेल्या नाहीत. अर्थात ती एका मोठ्या, जुन्या संस्थेची शिस्त आहे. तालुक्याच्या रुग्णालयात विद्यार्थिनी पाठवणाऱ्या छोट्या महाविद्यालयाला ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण त्या रुग्णालयातील दोन परिसेविकांना सहा महिने शिकवण्याचे प्रशिक्षण देऊन त्यांचा दर्जा आणि वेतन पाठ्यनिर्देशिकेच्या बरोबरीने ठेवणे, एवढे निश्चित जमण्यासारखे आहे.

२८/
२०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला आणि १९४७ च्या परिषद कायद्याची जागा त्याने घेतली. अध्यापकांची पात्रता काय असावी, हे आता नव्या आयोगाच्या नियमांनी ठरायचे आहे. ते नियम वाचताना एमएस्सीच्या जागा किती वाढल्या हा आकडा अगदी वर ठळक छापलेला असेल. त्याच्या बरेच खाली, कुठेतरी परिशिष्टात, वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टरच्या कर्तव्यांची यादी असेल. त्या यादीत 'विद्यार्थिनींना शिकवणे' आहे का, आणि त्यापुढे तास लिहिले आहेत का, हे आधी शोधावे.